विषय: मुरबाडच्या बागेसाठी जुनी मॅसी बघतोय, सिंगल क्लच आहे, घेऊ का?

प्रेषक: बंडू (सध्या मुक्काम नौपाडा)

नमस्कार मंडळी,

रविवारी सकाळी सरळगावच्या पुढे ट्रॅक्टर बघायला जायचंय, त्यामुळे शनिवारपर्यंत उत्तर हवंय. मॅसी १०३५, १९९८ची, पहिल्यापासून एकच मालक. फोनवर म्हणाला, "सिंगल क्लच आहे साहेब, पण गाडीला काही म्हणजे काही काम नाही." किंमत आपल्याला जमण्यासारखी आहे.

मे महिन्यात आंबे खायला जे आले होते त्यांना आमचा उतार ठाऊक आहे. अडीच एकर, शंभरेक कलमं, १० मीटरवर लावलेली. नांगरट, पेरणी काही नाही. मला फक्त गवत कापायचंय. पावसानंतर कमरेएवढं होतं, दिवाळीच्या आत कापलं नाही तर वाळून फेब्रुवारीत वणव्याला आयतं सरपण. गेल्या वर्षी माळावरून आग आली आणि बांधाकडची १४ कलमं होरपळली. बाबा अजून त्या ओळीकडे पाय टाकत नाहीत.

तर मॅसीला मागे स्लॅशर लावायचा. मी जानेवारीत परत निघालो की चालवणार बाबा, वय ७३. सिंगल क्लचने काही अडतं का, एवढंच सांगा.

बंडू

प्रेषक: नाना (पेनसिल्व्हेनिया)

बंडू,

अडतं. नांगराला अडत नाही, स्लॅशरलाच अडतं, आणि तुला नेमका स्लॅशरच लावायचाय.

आमच्या साडेचार एकरावर पहिला ट्रॅक्टर होता फोर्ड ८एन. १९४७ ते १९५२ या वर्षांत निघालेलं मॉडेल, त्यालाही एकच क्लच, म्हणजे चाकं आणि मागचं अवजार फिरवणारा शाफ्ट दोन्ही त्याच एका क्लचवर. घेतल्यावर दुसऱ्याच आठवड्यात मी कुंपणाच्या दिशेने गवत कापत चाललो होतो. क्लच दाबला, ट्रॅक्टर थांबायला हवा होता. थांबला नाही. मागची पाती वेगात होती, त्यांचा जोर शाफ्टमधून उलटा गिअरबॉक्समध्ये आला आणि चाकं ढकलत राहिला. कुंपणाचे तीन खांब आडवे झाले तेव्हा कुठे थांबलो. कुंपणापलीकडे ओढा होता. मी तेव्हा पन्नाशीतला, पाय मजबूत, तरी ब्रेक पुरला नाही.

तुझे बाबा, तो उतार आणि खालच्या अंगाची विहीर डोळ्यांसमोर आणून हे लिहितोय.

नाना

प्रेषक: भाऊ (खारघर)

नाना, तुमच्या अनुभवाबद्दल आदर आहे, पण आपल्याकडे सिंगल क्लचच्या मॅसी हजारोंनी चालतात. माझ्या कर्जतच्या मामांची २२ वर्षं चालली, रोटाव्हेटर लावून भातखाचरं केली, कधी काही झालं नाही. थांबायच्या आधी थ्रॉटल कमी करायचा, पीटीओ (अवजार फिरवणारा तो मागचा शाफ्ट) त्याच्या दांड्याने बंद करायचा, मग क्लच. सवयीचा भाग आहे.

बंडू, तू क्लचच्या मागे लागू नकोस, इंजिन बघ. मालक तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवतात. बॉनेटवर हात ठेव, गरम असेल तर चहा पीत तासभर बस. निळा धूर सतत येत असेल तर ऑइल जळतंय, रिंगा गेल्या. चालू इंजिनवर ऑइल टाकायचं झाकण काढून बघ, तिथून भकाभक वाफ येत असेल तर नमस्कार करून परत ये. रेडिएटरमध्ये तेलाचा तवंग दिसला तरी तेच. बाकी सिम्प्सनचं तीन सिलिंडरचं इंजिन आहे, सामान कुठेही मिळतं.

आणि कागद! १९९८ची म्हणजे १५ वर्षं २०१३लाच संपली. पुढे दर ५ वर्षांनी नोंदणी नवी केलेली असायला हवी. आरसीवर बँकेचा बोजा आहे का तेही बघ. मी घेतलेल्या ट्रॅक्टरचं कर्ज कधीच फिटलं होतं, पण नोंद तशीच राहिली होती. बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५ (बोजा उतरवायचा) यासाठी मी सात महिने खेटे घातले.

भाऊ

प्रेषक: माई

सर्वांना,

धागा चालू ठेवा, हरकत नाही. पण विषयाची ओळ बदलू नका आणि दिवाळी पहाटची पत्रं यात मिसळू नका. मागे पाण्याच्या टाकीच्या धाग्यात हॉलच्या बुकिंगचं पत्र हरवलं होतं, त्याचा मनस्ताप कोणाला झाला ते सगळ्यांना माहीत आहे. फराळाच्या डब्यांची यादी मीच ठेवते आहे, कृपया दुसरी कोणी सुरू करू नये.

बंडू, कलमांचं वाचून वाईट वाटलं. बाबांना माझा नमस्कार सांग.

माई

प्रेषक: ताई (ऐरोली)

माई, दुसरी यादी मी सुरू केली नव्हती, मला आलेले निरोप फक्त एकत्र लिहिले होते. तुम्हाला पाठवून दिलेत.

बंडूदादा, ट्रॅक्टर हवाच कशाला? आमच्या शहापूरच्या दीड एकरावर आम्ही पॉवर टिलर घेतला होता, १३ हॉर्सपॉवरचा. यांनी दोन हंगाम चालवला. वळवताना सगळा भार खांद्यावर येतो, बाबांच्या वयाला तो मुळीच नको. आता आम्ही दोन माणसं ब्रश कटरसकट रोजावर बोलावतो. चार दिवसांत रान मोकळं होतं. फक्त दसऱ्याच्या आधी सांगून ठेवावं लागतं, नंतर सगळे भाताच्या कापणीत अडकतात.

प्रेषक: नाना

भाऊ,

मामांचा रोटाव्हेटर आणि बंडूचा स्लॅशर यांत मोठा फरक आहे. रोटाव्हेटरची पाती मातीत रुतलेली असतात, ताकद तुटली की मातीच त्यांना धरते. स्लॅशरची जड पाती हवेत फिरतात, त्यांना धरणारं कोणी नाही. म्हणून मामांना २२ वर्षांत हा अनुभव आला नाही.

आणि थ्रॉटल, दांडा, मग क्लच हा क्रम बरोबर आहे, पण तो सावकाश थांबताना. गवतात दगड दिसला, कुत्रं आडवं आलं, तर माणूस पहिला पाय क्लचवरच ठेवतो. शिवाय मॅसीचा लिफ्टचा पंप पीटीओच्याच शाफ्टवर चालतो. सिंगल क्लच पूर्ण दाबला की पंपही बंद. म्हणजे दगडासमोर थांबून स्लॅशर वर घ्यायला जावं तर लिफ्ट उचलत नाही.

बंडू, मालकाच्या शब्दावर जाऊ नकोस. पीटीओ चालू ठेवून क्लच अर्धा दाब. चाकं सुटली आणि मागचा शाफ्ट फिरत राहिला तर ड्युअल. दोन्ही एकदम सुटलं तर सिंगल.

सिंगल असला तरी उपाय आहे. पीटीओच्या शाफ्टवर ओव्हररनिंग कपलर बसवायचा. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं काम करतो: ट्रॅक्टर पात्यांना फिरवतो, पाती ट्रॅक्टरला ढकलू शकत नाहीत. त्याच्याशिवाय बाबांना त्या सीटवर बसवू नकोस, एवढं माझं ऐक.

नाना

प्रेषक: भाऊ

नाना, मातीचा मुद्दा पटला. मी रोटाव्हेटरच्या हिशेबाने बोलत होतो.

बंडू, उताराचं राहिलं. या जुन्या गाड्यांना डोक्यावर लोखंडी कमान नसते, उलटली तर माणूस खाली सापडतो. गवत कापताना उताराला आडवं जाऊ नका, वर-खालीच चालवा. मागची चाकं उलटी बसवून दोन चाकांतलं अंतर वाढवता येतं, ते आधी करून घे. तुझ्या ओळी १० मीटरच्या आहेत, रुंदीची अडचण नाही. आणि ट्रॅक्टर बाबांच्याच नावावर कर, सातबारा त्यांचा आहे.

ताई म्हणतात ते रोजाचं गणित या वर्षापुरतं ठीक. पण वणवा रोजावर येत नाही. आपलं यंत्र दारात असलेलं बरं.

प्रेषक: बंडू

जाऊन आलो. बाबाही आले होते.

भाऊ, बॉनेट खरंच गरम होतं. तासभर थांबलो. नंतर पहिल्या फेऱ्यात सुरू झाली, धूर थोडा आला आणि विरला, निळा नव्हता. झाकणातून वाफ नाही, रेडिएटर स्वच्छ. स्टिअरिंगला हातभर ढिलाई आहे, समोरच्या एक्सलच्या बुशा बदलाव्या लागतील. नोंदणी २०२८पर्यंत आहे, बोजा नाही. मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३०वर मालक सही करायला तयार आहे.

अर्धा क्लच दाबून बघितला. दोन्ही एकदम सुटलं. सिंगलच.

बाबांनी माळावर दोन फेऱ्या मारल्या. उतरल्यावर तिथेच त्यांना नानांच्या कुंपणाची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ मागच्या शाफ्टकडे बघत उभे राहिले, मग म्हणाले, "तो भाग आल्याशिवाय पातं जोडायचं नाही." विसार दिला आहे. या वर्षीचं गवत ताईंची माणसं कापतील. ताई, नंबर पाठव, दसरा जवळ आला.

नाना, शाफ्टला सहा खाचा आहेत, जाडी १ ३/८ इंच. कल्याणला दोन दुकानांत विचारलं, त्यांच्याकडे नाही. तुम्ही डिसेंबरात येताय ना?

प्रेषक: नाना

आणतो. लोखंडाचा जड तुकडा आहे, चेक-इन बॅगेत टाकेन.

एक लक्षात ठेव. कपलर बसला की शाफ्ट तेवढा बाहेर येतो. मग ट्रॅक्टर आणि स्लॅशर जोडणारा दांडा लांब पडतो आणि लिफ्ट हलवताना आतल्या आत ठेचून गिअरबॉक्सचं बेअरिंग फोडतो. तो कापून घ्यावा लागेल. पण आत्ताच कापू नकोस. स्लॅशर आला की जोडून लिफ्ट पूर्ण वर, मधे आणि पूर्ण खाली ठेव, तिन्ही जागी लांबी मोज आणि आकडे मला पाठव.