मदत हवी आहे: ढिवर बाईचा जुना फोटो जिलेटिनचा की कोलोडियनचा?

नवेगावबांधकडच्या एका घरातला स्टुडिओतला फोटो आहे. (जिलेटिन आणि कोलोडियन म्हणजे जुन्या फोटो-कागदावर चित्र धरून ठेवणारे दोन वेगवेगळे थर.) ढिवर बाई, काष्ट्याचं लुगडं, कमरेवर मासळीची टोपली. टोपलीची कामटी न् कामटी मोजता येते. पुठ्ठा १०.८ × १६.५ सेंमी, म्हणजे कॅबिनेट कार्डाचं (पुठ्ठ्यावर चिकटवलेल्या जुन्या स्टुडिओ-फोटोचं) माप. स्टुडिओचं नाव पुढे-मागे कुठंच नाही. रंग जांभळट तपकिरी.

१० पट भिंगातून कागदाचे तंतू दिसत नाहीत, म्हणजे मध्ये बॅरायटाचा (तंतू झाकणारा पांढरा) थर आहे, साधा अल्ब्युमेन (अंड्याच्या पांढऱ्याचा थर) बाद. (अल्ब्युमेन पिवळा पडतो; इथे पिवळा पडलाय तो पुठ्ठा, फोटो नव्हे.) जिलेटिनवर बऱ्याचदा दिसणारी चंदेरी झाक गडद भागात नाही. ट्यूबलाइटखाली तिरपा धरला की एका कोपऱ्यात कोलोडियनसारखी इंद्रधनुषी छटा येते, पण ती बोटाच्या तेलकट डागाचीही असेल.

पाण्याच्या थेंबानं जिलेटिन फुगतं, स्पिरिटनं कोलोडियन विरघळतं, हे ठाऊक आहे. पण फोटो परत द्यायचाय, त्यामुळे स्पिरिट नाहीच. नागपूरला नेणंही जमणार नाही; हाताशी फक्त भिंग आणि मोबाइल. कडेला टाचणीच्या टोकाएवढं पाणी लावलं तरी डाग राहतो का? की न भिजवता ओळखायची एखादी खात्रीची खूण आहे?