मुखवट्यामागचे पहिले प्रेम : सुपरहिरो कॉमिक्स वाचतानाचे तुमचे अनुभव

किशोरवयीन वाचकांसाठी काढलेल्या सुपरहिरो कॉमिक्समध्ये मारामारीच्या बरोबरीने, आणि अनेकदा तिच्याहून अधिक जिव्हाळ्याने, पहिल्या प्रेमाची गोष्ट सांगितलेली असते. पण मराठी घरांत तिच्याविषयी फारसे बोलले जात नाही. त्या वयात या गोष्टींनी तुम्हाला काय दिले, किंवा आज त्या मुलांच्या हातात पाहून काय वाटते, ते सविस्तर लिहावे, अशी विनंती आहे. सुरुवात मीच करते.

मी आठवीत असताना मामाने फोर्टच्या पदपथावरून स्पायडरमॅनच्या जुन्या अंकांचे एक जाडजूड पुस्तक आणून दिले होते. १९६२ साली पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडरमॅन, वाचकांसमोर आला तो शाळकरी मुलगा म्हणूनच, आणि मला तर त्याच्या शत्रूंपेक्षा त्याने मोडलेल्या भेटींचीच आठवण अधिक राहिली, कारण ज्या मुलीला वेळ द्यायचा तिलाच उशिराचे कारण सांगता येत नाही, ही अडचण मला अगदी खरी वाटे. चित्रकार जॉन रोमिटा स्पायडरमॅनकडे येण्यापूर्वी प्रेमकथांची कॉमिक्स काढत असत, हे मला फार उशिरा कळले, आणि मग ग्वेन स्टेसी आणि मेरी जेन या पीटरच्या आयुष्यातल्या दोन मुलींचे चेहरे ते इतक्या निगुतीने का काढतात, याचा उलगडा झाला. त्या पुस्तकात जून १९७३ चा १२१ वा अंकही होता. पीटरचा शत्रू ग्रीन गॉब्लिन ग्वेनला पुलावरून खाली लोटतो, पीटर कोळिष्टकाचा दोर सोडून तिला अधांतरी पकडतो आणि तिच्या मानेशी, काडी मोडल्यासारखा, एक छोटा आवाज छापलेला आहे. पहिल्या वाचनात तो मला दिसलाच नाही. पीटर तिला वाचवल्याच्या आनंदात वर ओढून घेतो आणि मग त्याला कळते. मी पान उलटून मागे गेले, ती बारीक अक्षरे पाहिली आणि दोन दिवस पुस्तक उघडले नाही. आपले माणूस वाचवतानाच आपल्या हातून गेले, हे दुःख कोणी मुलांपासून लपवले नव्हते, याबद्दल मला आजही त्या लेखक-चित्रकारांविषयी आदर वाटतो.

एक बाबा, नाशिक

ताई, आपण आदराविषयी लिहिलेत. माझा अनुभव काळजीचा आहे. एक्स-मेन या सुपरहिरोंच्या गटातली किटी प्राइड १९८० साली आली तेव्हा ती जेमतेम साडेतेरा वर्षांची होती, आणि तिचा जीव ज्याच्यावर जडतो तो कोलोसस एकोणीसच्या आसपासचा तरुण आहे. लहानपणी मला यात काहीच खटकले नव्हते. तो शांत, शेतकऱ्याच्या घरचा, चित्रे काढणारा मुलगा असल्यामुळे मी तर त्याच्याच बाजूने होतो. गेल्या वर्षी माझ्या तेरा वर्षांच्या मुलीने ते अंक कपाटातून काढले आणि रात्री जेवताना म्हणाली, "बाबा, तो किती चांगला आहे ना!" माझा घास हातातच राहिला. १९८४ मध्ये ते नाते तोडण्यात आले, तेव्हा मला फार वाईट वाटले होते; आता वाटते की ते मुळात सुरूच व्हायला नको होते. मी पुस्तक काढून घेतले नाही, पण त्या दोघांची वये तिच्यासमोर मोकळेपणाने मांडली.

एक आई, न्यू जर्सी

आम्ही जर्सी सिटीपासून अर्ध्या तासावर राहतो, त्यामुळे २०१४ साली सुरू झालेली, त्याच शहरात घडणारी मिस मार्व्हलची मालिका आमच्या घरात शेजारची गोष्ट असल्यासारखी वाचली गेली. जी. विलो विल्सन यांनी लिहिलेली कमला खान, म्हणजेच मिस मार्व्हल, ही सोळा वर्षांची, पाकिस्तानी वंशाच्या मुस्लिम कुटुंबातली मुलगी आहे. आमचा धर्म वेगळा, पण मुलीने रात्री कुठे जायचे यावरून तिच्या घरात होणारे वाद शब्दशः आमचेच होते. या मालिकेच्या पहिल्या संग्रहाला २०१५ चा ह्यूगो हा विज्ञानकथांसाठीचा पुरस्कार मिळाला, तेव्हा माझ्या लेकीने तो स्वतःलाच मिळाल्यासारखा मिरवला.

मला मात्र सांगायचे आहे ते कामरानविषयी. तो कमलाच्या आईवडिलांच्या ओळखीतला, देखणा, अभ्यासू आणि आपल्याच बोलीभाषेतला मुलगा आहे, म्हणजे ज्याला आपण डोळे झाकून 'चांगल्या घरातला' म्हणू तसा. कमला त्याच्यावर भाळते, त्याच्या गाडीत बसते आणि तो तिला फसवून भलतीकडे घेऊन जातो. वर तू स्वतःहून आलीस, असे म्हणून दोषही तिच्याच माथी मारतो. हे वाचताना माझी लेक माझ्या शेजारी सोफ्यावर होती. तिने ते पान माझ्यापुढे धरले आणि विचारले, "आई, मी गाडीत बसले असते तर तू मलाच रागावली असतीस का?" खरे सांगायचे तर त्या दिवसापर्यंत मी रागावलेच असते. मी तिला तसे सांगितले आणि आता रागावणार नाही, असा शब्द दिला. पुढे ब्रूनो, तिचा लहानपणापासूनचा मित्र, प्रेम व्यक्त करतो आणि कमला, तिलाही तो प्रिय असूनही, आत्ता नाही असे म्हणते, तो प्रसंग लेकीने कितीदा वाचला असेल, देव जाणे.

डोंबिवलीकर

मला पवित्र प्रभाकर आठवतो. २००४ च्या अखेरीस स्पायडरमॅनचा हा भारतीय अवतार आला, तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला, धोतर नेसणारा मुलगा होता आणि मीरा जैन ही त्याची मैत्रीण. मुंबईच्या इमारतींवरून स्पायडरमॅन जातोय, या एका गोष्टीने मी हरखून गेलो होतो, पण चारच अंकांत राक्षस, मायाकाकू, भीमकाका असे सगळे बसवताना पवित्र आणि मीरा यांना निवांत बोलायला जागाच उरली नाही. मला त्यांच्या आणखी भेटी हव्या होत्या.

एक वाचक, बंगळुरू

'यंग अ‍ॅव्हेंजर्स' हे किशोरवयीन सुपरहिरोंच्या गटाचे कॉमिक २००५ साली सुरू झाले तेव्हा मी अकरावीत होतो आणि मला मुलगे आवडतात, हे मी कोणालाच सांगितलेले नव्हते. विकन आणि हल्कलिंग हे दोन मुलगे एकमेकांवर प्रेम करतात हे त्या कथेत स्पष्ट होते, इतरांना त्याचे काही विशेष वाटत नव्हते, आणि माझ्यासाठी हेच सर्वांत मोठे आश्चर्य होते. तरीही त्यांचे चुंबन पानावर दिसायला २०१२ उजाडावे लागले. त्याच काळात मुलामुलींच्या जोड्यांना अशी सात वर्षे थांबावे लागत नव्हते, याचे मला तेव्हाही वाईट वाटले होते. तो अंक हाती आला तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. रात्रीच्या बसमध्ये मोबाइलच्या उजेडात मी ती एक चौकट पाहत बसलो आणि दुसऱ्या दिवशी बहिणीला फोन केला.

शाळेचे ग्रंथालय सांभाळणारी शिक्षिका, कोल्हापूर

माझ्याकडे नववीच्या मुली कॅमी गार्सिया आणि ब्राझीलचे चित्रकार गॅब्रिएल पिकोलो यांचे 'टीन टायटन्स : रेव्हन' आळीपाळीने नेतात. २०१९ चे हे पुस्तक एका अपघातात स्मृती हरवलेल्या मुलीचे आहे. ती न्यू ऑर्लिन्सला नव्या घरी, नव्या शाळेत येते आणि तिला इतरांच्या मनातले ऐकू येऊ लागते. करड्या पानांवर मधूनच जांभळा रंग उमलतो, तो मुली बोटाने दाखवतात. परवा पुस्तक परत करताना एक अगदी अबोल मुलगी टेबलापाशी रेंगाळली आणि म्हणाली, "बाई, मनातलं आधीच ऐकू येत असलं, तरी त्या मुलाला विचारायला हवं ना?" मी हो म्हटले. मग तिने दुसरा भाग आहे का विचारले, आणि नोंदवहीत स्वतःचे नाव लिहून गेली.