केदार आणि ज्योतिबा ही एकच नावं का? बारशाआधी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

येत्या रविवारी भाच्याचं बारसं आहे. आत्या मीच, म्हणजे कानात नाव सांगायचं तेही मीच. म्हणून नीट विचारून घेते.

दादाला आमच्या आबांचं, म्हणजे आजोबांचं नाव ठेवायचंय: ज्योतिबा. वाडी रत्नागिरीचा ज्योतिबा आमचं कुलदैवत. वहिनीला केदार आवडलंय. अडचण वेगळीच आहे. आजीनं जन्मात कधी आबांचं नाव घेतलं नाही, आबा गेल्यावरही नाही. चैत्र यात्रेत सासनकाठ्या नाचतात, गुलालानं सगळा डोंगर गुलाबी होतो, सगळे 'ज्योतिबाच्या नावानं चांगभलं' म्हणतात. तेव्हा आजी पदर सावरत हळूच 'केदारनाथाच्या नावानं चांगभलं' म्हणते. लहानपणी मला वाटायचं, हिचा देव निराळा आहे. आता पणतवाला ती हाक कशी मारणार?

मला एवढं माहीत आहे: डोंगरावरच्या देवाला केदारनाथ म्हणतातच. हिमालयातला केदारनाथ अंबाबाईच्या मदतीला दक्षिणेत आला आणि त्यानं रत्नासुराला मारलं, अशी कथा आहे. ज्योतिबातला 'बा' विठोबा, खंडोबातलाच. महात्मा फुल्यांचं (जन्म १८२७) नावही याच देवावरून ठेवलेलं.

पण वहिनीच्या आईंनी कुठंतरी वाचलं, केदार म्हणजे शेत. तेव्हापासून त्यांचं मन खट्टू आहे, 'पोराचं नाव शेत कसं ठेवायचं?' अर्थ खरा आहे. अमरकोशात वप्र, केदार, क्षेत्र हे शब्द शेजारी शेजारी येतात. बांध घालून पाणी अडवलेलं शेत, म्हणजे आपलं भातखाचर. मला तर हा अर्थ फार आवडला. आमचं खाचर पन्हाळ्याकडं आहे. रोप लावणीआधी आबा बांधाची भोकं चिखलानं लिंपायचे, हात कोपरापर्यंत काळे. त्यांच्या पणतवाला याहून जवळचं नाव कुठलं असणार?

तर जाणकारांनी सांगावं, शेताचा केदार आणि शंकराचा केदार यांचा संबंध कसा लावतात? ज्योतिबाच्या भक्तांमध्ये केदार नाव त्याच देवाचं म्हणूनच ठेवतात ना? आणि कुणाच्या घरी पाळण्यातलं नाव ज्योतिबा आणि कागदावर केदार असं आहे का?

कागदाचं मुद्दाम विचारते. आबांच्या सातबाऱ्यावर 'जोती' आणि शाळेच्या दाखल्यावर 'ज्योतिबा' होतं. माणूस एकच आहे हे पटवायला वारसनोंदीच्या वेळी प्रतिज्ञापत्र करावं लागलं, दादाचे चार महिने गेले. जन्मनोंदीत नाव वर्षभरात बिनफी घालता येतं, त्यामुळं तिथं घाई नाही. पण दोन्ही नावं ठेवली तर पुढं पोराला त्रास नको.

शनिवारी रात्री घुगऱ्या भिजत घालायच्या आहेत. त्याआधी कुणी सांगितलं तर आजीजवळ बसून तिला समजावता येईल.