प्याजेचे टप्पे आणि वयाची रेघ

मांडणी बदलली तरी संख्या बदलत नाही, हे सात वर्षांपर्यंत मुलांना उमगतच नाही, असे मुलांचा विचार ठरावीक टप्प्यांनी वाढतो असे मांडणाऱ्या स्विस मानसशास्त्रज्ञ प्याजेच्या आधारे म्हटले जाते. टप्प्यांच्या क्रमाला माझी हरकत नाही, पण वयाची रेघ इतकी पक्की मारता येत नाही. प्याजेच्या प्रयोगाप्रमाणे सोंगट्यांच्या दोन सारख्या रांगांपैकी एक मोठ्या माणसाने मुद्दाम पसरवली आणि ‘दोन्हीकडे सोंगट्या सारख्याच आहेत का?’ हा आधी विचारलेलाच प्रश्न पुन्हा विचारला, की आपले आधीचे उत्तर चुकले असावे, असे मुलाला वाटणे स्वाभाविक आहे (शाळेत आपलेही तेच होत असे). मॅकगॅरिगल आणि डोनाल्डसन या मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या दशकात ही रांग खेळण्यातल्या खोडकर अस्वलाकरवी विस्कटवली, तेव्हा चार ते सहा वर्षांच्या कितीतरी जास्त मुलांनी दोन्हीकडे सोंगट्या सारख्याच असल्याचे बरोबर सांगितले.