एकच आजार, एकच स्टेज, तरी गगनबावड्याची बाई मागे का पडते?

भोगावती: स्तनाच्या कॅन्सरची स्टेज तीच, औषधंही तीच. तरी कोल्हापूरच्या गगनबावडा, चंदगडकडच्या बायकांचे उपचार अर्ध्यावर सुटतात. सरकारच्या महात्मा फुले योजनेत तर पैसे लागत नाहीत, मग अडतं कुठं? आशाताईंच्या बैठकीत मांडायचंय, नेमकं सांगा.

दूधगंगा: सुरुवात तपासणीच्या तुकड्यापासून करा. लहान दवाखान्यात कधी गाठ थेट कापून काढतात आणि तपासायला पाठवतच नाहीत. आधी जाड सुईची बायोप्सी हवी. ४-६ तुकडे, काढल्या काढल्या १० टक्के फॉर्मालिन या तुकडा टिकवणाऱ्या द्रवात, तुकड्याच्या किमान दहापट. त्यात ६ तासांपेक्षा कमी नको, ७२ पेक्षा जास्त नको. सलाईनमध्ये नेलेला तुकडा खराब होतो, ईआर-पीआर, म्हणजे गाठ हार्मोनवर वाढते का हे सांगणाऱ्या तपासण्या, चुकून निगेटिव्ह येतात, आणि ५ वर्षं रोज घ्यायची टॅमॉक्सिफेन ही हार्मोन अडवणारी स्वस्त गोळी तिला कुणी लिहूनच देत नाही. तुकडा ज्यात जपून ठेवतात तो मेणाचा ब्लॉक मागून घ्या, फेरतपासणी त्यावरच होते.

कुंभी: पुढचा अडसर कागदाचा. महात्मा फुले योजनेत ५ लाखांपर्यंत उपचार आहेत, पण रेशनकार्डावर माहेरचं नाव अन् आधारवर सासरचं असेल तर मंजुरी लटकते. रिपोर्टची वाट बघतानाच रुग्णालयातल्या योजनेच्या माणसाला, म्हणजे आरोग्यमित्राला, कागद दाखवा.

योजनेत न बसणारा खर्च मात्र घरच्यांच्या अंगावर येतो: एसटी आणि सोबतच्या माणसाचा बुडालेला रोजगार. किमो बहुधा दर २१ दिवसांनी, ८ वेळा. पुढं शेक (रेडिएशन) ३ आठवडे किंवा जास्त, सुट्टी सोडून रोज. भात लावणी आली की तिसरं-चौथं किमो हुकतं. पहिल्याच दिवशी आठही तारखा लिहा, प्रत्येकीसमोर सोबत जाणाऱ्याचं नाव. मुंबईला टाटा कॅन्सर रुग्णालयात जायचं असेल तर महालक्ष्मी एक्स्प्रेसच्या स्लीपरला रुग्णाचं तिकीट माफ, सोबत्याला ७५ टक्के सवलत. रुग्णालयाचा सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो.

भोगावती: आशाताईंच्या हातात काय आहे?

दूधगंगा: पुष्कळ. मुंबईच्या वस्त्यांत टाटाच्या अभ्यासात प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी दर २ वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांतले या आजारानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्के कमी झाले. गाठ दुखत नाही म्हणून बाई गप्प बसते, ते आधी मोडा.

आणि किमोच्या घरात थर्मामीटर द्या. किमोनंतर ७ ते १४ दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी तळाला जातात. १००.४ फॅरेनहाइटच्या वर ताप गेला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, गोळीनं ताप झाकला जातो. रात्र असली तरी १०८ बोलवायची आणि किमोचा कागद सोबत न्यायचा.