इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन : आवाज किती ठेवावा आणि सोबत काय घ्यावे?

मंद्रसप्तक (दादर)

नमस्कार. जपानमध्ये नोकरीस असलेल्या भाच्याने येताना माझ्यासाठी स्टॅक्सचा एसआर-एल700 मार्क 2 हा इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन (विद्युतभारित पातळ पडद्याने आवाज काढणारा) आणि त्यासोबत एसआरएम-353एक्स हा ड्रायव्हर, म्हणजे त्याचा खास अ‍ॅम्प्लिफायर, आणला आहे. दोन्ही वस्तू तिथल्या बाजारातल्या असल्यामुळे ड्रायव्हर 100 व्होल्टवर चालतो, आणि तूर्तास तो घरातल्या एका जुन्या स्टेप डाऊन ट्रान्सफॉर्मरवर लावला आहे. ऐकणे बहुतांशी ख्याल आणि वाद्यसंगीताचे. बैठकीची खोली रस्त्याच्या बाजूस असल्याने दिवसभर हॉर्न सुरूच असतात.

शंका तीन आहेत. आवाजाची घुंडी घड्याळाच्या काट्याच्या हिशोबाने नऊच्या जरा पुढे नेली की आवाज पुरेसा होतो, आणि दहाच्या पुढे तो नकोसा वाटतो. म्हणजे घुंडीचा बराचसा प्रवास वायाच जातो. यात काही बिघाड आहे का, की एका मित्राचे म्हणणे आहे तसा अधिक शक्तीचा ड्रायव्हर लागेल? दुसरे असे, की पावसाळा सुरू झाल्यापासून डावी बाजू किंचित मंद वाटते. तिसरे म्हणजे स्टँड, आच्छादन, एक्स्टेन्शन केबल, वेगळी पॉवर केबल अशा पुष्कळ गोष्टी लोक सुचवतात. त्यांतल्या खरोखर आवश्यक कोणत्या?

ऋणभार

बिघाड काही नाही, आणि मोठा ड्रायव्हर घेण्याचेही कारण दिसत नाही. घुंडी कुठल्या आकड्यावर आहे यावरून आवाजाची पातळी ठरवता येत नाही, हे एकदा ध्यानात घेतले की बाकीचे सोपे आहे.

तुमच्या हेडफोनला संगीताच्या संदेशाचे 100 व्होल्ट दिले की तो सुमारे 101 डेसिबल आवाज देतो, आणि व्होल्टेज दसपटीने घटले की आवाज 20 डेसिबलने उतरतो. ड्रायव्हर आत आलेला संदेश हजारपट वाढवतो. बहुतेक डॅक (डिजिटल संगीताचे विद्युत संदेशात रूपांतर करणारे यंत्र) पूर्ण पातळीला 2 व्होल्ट देतात. घुंडी शेवटपर्यंत फिरवली तर हिशोबाने 2000 व्होल्ट व्हायला हवेत, पण ड्रायव्हरची मर्यादा 400 व्होल्टच्या घरात असल्यामुळे घुंडीचा शेवटचा भाग वापरण्याजोगा उरतच नाही. आता रेकॉर्डिंगमधील सर्वांत मोठ्या क्षणी 100 व्होल्ट मिळावेत असे धरले, तर घुंडीने 26 डेसिबलची घट करायला हवी, आणि बहुतेक घुंड्यांवर ही जागा निम्म्याच्या बरीच अलीकडे येते. ख्यालाच्या रेकॉर्डिंगची सरासरी पातळी शिखराहून साधारण 18 डेसिबल खाली धरली, तर तुम्ही ऐकता ती सरासरी 83 डेसिबलच्या आसपास होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी 80 डेसिबल आठवड्याला 40 तास चालते, आणि दर 3 डेसिबलमागे ही वेळ निम्मी होते. म्हणजे 83 डेसिबलला 20 तास आणि 86 डेसिबलला फक्त 10 तास. वर जी जागा तुम्हाला नकोशी वाटते, तिथे कान तुम्हाला योग्य तेच सांगत आहेत. नाहीतर या हेडफोनची एक खोड अशी आहे, की पडदा अतिशय पातळ, दोन्ही बाजूंच्या जाळ्यांमध्ये समतोल ओढला जाणारा, त्यामुळे विकृती फार कमी. साध्या हेडफोनमध्ये आवाज वाढला की येणारा किरकिराट इथे येत नाही, आणि जास्त मोठ्याने ऐकत असल्याची जाणीवच होत नाही.

शास्त्रीय संगीतात आणखी एक अडचण असते. विलंबितात आलापी सुरू असताना तानपुऱ्याची जवारी नीट ऐकू यावी म्हणून माणूस घुंडी थोडी पुढे करतो, आणि अर्ध्या तासाने द्रुत तराण्याला तबल्याची थाप आली की तीच घुंडी जाचू लागते. म्हणून पातळी ठरवायची ती द्रुतावर ठरवावी, विलंबितावर नाही. सुरुवातीला आवाज कमी वाटला तरी चालेल. आवाज हळू असताना खर्ज नैसर्गिकपणेच उतरतो, कारण मंद पातळीला कानाची खालच्या स्वरांची संवेदना कमी पडते. तो परत आणायला घुंडीऐवजी प्लेअरमधला ईक्यू (इक्वलायझर) वापरून खालच्या पट्ट्या दोन-तीन डेसिबलने वर न्याव्यात. चष्मा घालून ऐकत असाल तर काडीमुळे पॅडची कड सुटते आणि खर्ज निसटतो, तेही पाहा.

मोजून पाहायचे असेल तर आउटपुटच्या पिनांना मल्टिमीटर लावू नका. तिथे शेकडो व्होल्ट असतात.

लोहारचाळकर

डाव्या बाजूबद्दल लिहितो, कारण मुंबईत हा प्रश्न दर पावसाळ्यात येतो. या हेडफोनच्या पडद्यावर 580 व्होल्टचा स्थिर बायस, म्हणजे पडदा भारित ठेवणारा कायमचा विद्युतदाब, असतो आणि तो फार मोठ्या रोधातून पोहोचतो. हवेत ओल वाढली, पडद्यावर किंवा जाळीवर सर्द धूळ बसली, की विद्युतभार थोडा थोडा गळू लागतो आणि त्या बाजूचा आवाज उतरतो. पण निष्कर्ष काढण्याआधी दोन गोष्टी करा. हेडफोन उलटा, म्हणजे डावा कप उजव्या कानावर घालून ऐका. मंदपणा तरीही डाव्याच कानाला जाणवला तर दोष कानाचा किंवा पॅडच्या बसण्याचा आहे, हेडफोनचा नाही. तो कपाबरोबर गेला, तर ड्रायव्हर बंद करून डॅकमधून येणाऱ्या डाव्या-उजव्या केबल अदलाबदल करा. मंदपणा दुसऱ्या कपाकडे गेला तर कारण डॅक किंवा केबल. त्याच कपात राहिला तर हेडफोन किंवा ड्रायव्हर.

ओल हेच कारण निघाले, तर हेडफोन कोरड्या जागी काही काळ ठेवून, मग ड्रायव्हर सुरू करून जोडून ठेवल्यावर पुष्कळदा आपोआप सुधारतो. हेअर ड्रायर, कॉम्प्रेस्ड एअर, व्हॅक्युम क्लीनर यांपैकी काहीही लावू नका. पडदा केसाहून कितीतरी पातळ असतो. कायमचा उपाय म्हणजे फोटोग्राफर वापरतात ते ड्राय कॅबिनेट, आर्द्रता 45 ते 50 टक्क्यांवर लावलेले. बोरा बाजारात कॅमेऱ्यांच्या दुकानांतून ते मिळते. तेवढा खर्च नको असेल तर घट्ट झाकणाचा मोठा डबा, त्यात रंग बदलणारे सिलिका जेल आणि एक लहान हायग्रोमीटर, एवढे पुरे. जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा वापरता येते. आर्द्रता 30 टक्क्यांच्या खाली मात्र नेऊ नका, पॅडचे चामडे कडक होते.

मला सर्वांत जास्त काळजी तुमच्या जुन्या ट्रान्सफॉर्मरची वाटते. तो कुठल्या प्रकारचा आहे ते पाहा. ऑटोट्रान्सफॉर्मर असेल तर 230 व्होल्टची लाइन आणि 100 व्होल्टची बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या नसतात, आणि जपानी दोन पिनांच्या प्लगला अर्थिंगही नसते. जुन्या इमारतींच्या सॉकेटमध्ये अर्थिंगची पिन दिसते पण मागे तार नसते, हा अनुभव अनेकांना आहे. तेव्हा आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि आयसोलेशन प्रकारचा, म्हणजे दोन्ही बाजू विद्युतदृष्ट्या वेगळ्या ठेवणारा, 230 ते 100 व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर घ्या. लोहार चाळीत किंवा लॅमिंग्टन रोडवर तो बनवूनही देतात. ड्रायव्हरच्या मागच्या पट्टीवर वीजवापराचा आकडा असतो, त्याच्या तिपटीएवढी क्षमता घेतली की ट्रान्सफॉर्मर तापत नाही. घेताना तो सुरू करून ऐका. गुणगुणत असेल तर दुसरा मागा.

रात्रपाळी

माझे म्हणणे थोडे वेगळे आहे. वरील हिशोब बरोबर असला तरी रस्त्याकडील खोलीत बसून तो पाळता येणार नाही. हा हेडफोन दोन्ही बाजूंनी उघडा आहे, त्यामुळे बाहेरचा आवाज अडत नाही आणि आतला बाहेर जातो. ध्वनिप्रदूषणाच्या 2000 सालच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, पण दादरच्या मोठ्या रस्त्याच्या कडेला दिवसा ती टिकते असे कुणीही म्हणणार नाही. आलापीचे मंद स्वर त्या गोंगाटाच्या वर आणायचे तर घुंडी पुढेच न्यावी लागते. तेव्हा पहिला पैसा खिडकीवर खर्च करा, म्हणजे दुहेरी काच, निदान खिडकीच्या फटीतली रबर पट्टी बदला. आणि ऐकायची जागा मागच्या खोलीत हलवा. पंखा एकवर ठेवला तरी फरक कळतो.

स्टँड घेतला नाही तरी चालेल. उलट, उघड्या स्टँडवर टांगून ठेवलेला हेडफोन आपल्याकडे धूळ आणि ओल दोन्ही गोळा करतो. महागड्या पॉवर केबलवर तर पैसाच घालू नका.

मंद्रसप्तक (दादर)

तिघांचे आभार. उलटा घालून पाहिला. मंदपणा कपाबरोबर गेला, आणि केबल बदलल्यावरही त्याच कपात राहिला. ट्रान्सफॉर्मर ऑटो प्रकारचाच निघाला, तो बंद करून ठेवला आहे. मागच्या खोलीत खुर्ची आणि ड्रायव्हर यांत अंतर जास्त पडते; एक्स्टेन्शन केबल चालेल का?

ऋणभार

चालेल, पण पाच पिनांची, प्रो प्रकारची (580 व्होल्ट बायससाठीची) घ्या, आणि 2.5 मीटरच्या वर नको. हा हेडफोन मुळात एक कंडेन्सर आहे, केबलसकट सुमारे 110 पिकोफॅरॅडचा. केबल वाढली की धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) वाढते आणि वरच्या पट्टीत ड्रायव्हरला जास्त प्रवाह द्यावा लागतो. शक्य असेल तर ड्रायव्हरच खुर्चीजवळ आणा आणि डॅकपासूनची साधी केबल लांब घ्या. ती सांभाळायला सोपी आणि स्वस्तही पडते. केबल लावताना-काढताना ड्रायव्हर बंद असू द्या.

लोहारचाळकर

ट्रान्सफॉर्मर आल्यावर आधी हेडफोन न जोडता त्याच्या दुय्यम, म्हणजे 100 व्होल्टच्या, बाजूचे व्होल्टेज मोजून घ्या, भार नसताना ते 100 च्या थोडे वर दिसेल, तेवढे चालते. कपाचा मंदपणा कोरडा करूनही राहिला, तर दुसऱ्या कुणाच्या ड्रायव्हरवर एकदा लावून पाहा; परळला आमच्याकडे एक आहे, रविवारी सकाळी येऊ शकता.