अटॅकमध्ये मॅग्नेशियम देणं सोडलं, ते चुकलं का?

औषधवाला_नगर: फॅमिली ग्रुपवर परत तो फॉरवर्ड आलाय, हार्ट अटॅकमध्ये मॅग्नेशियम हृदय वाचवतं म्हणणारा. खाली गोळ्या विकायची लिंक आहे ती सोडा, पण मुळातला मुद्दा थापा नाहीये. रक्तपुरवठा तुटला की हृदयाच्या पेशीतलं एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, संपत जातं आणि हृदयाची बंद नळी उघडून रक्त परत आलं की कॅल्शियम आत घुसतं, मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जाघरं, त्याने भरून जातात, म्हणजे वाचवायला आलेलं रक्तच थोडं मारतं. मॅग्नेशियम हा कॅल्शियमचा जन्मजात विरोधक. १९९२ ची लिमिट-२ ही ट्रायल बघा, इंग्लंडात लेस्टरला २३१६ पेशंट, शिरेतून मॅग्नेशियम दिलेल्यांत २८ दिवसांत ७.८ टक्के गेले, न दिलेल्यांत १०.३. इतकं स्वस्त औषध आपण सोडून दिलं, आणि मला वाटतं घाईत सोडलं.

आकडेमोड्या: घाईत?? १९९५ ची आयसिस-४ ट्रायल विसरलात का, ५८ हजार पेशंट. मॅग्नेशियमवाल्यांत ७.६४ टक्के मृत्यू, बाकीच्यांत ७.२४. फायदा सोडाच, आकडा उलट्या बाजूला झुकलेला. त्याआधी छोट्या छोट्या ट्रायल्सची बेरीज करून सगळे नाचत होते. एगर आणि डेव्ही स्मिथ या संशोधकांनी नंतर दाखवलं की ती बेरीजच कशी फसवी असू शकते, ज्या छोट्या ट्रायलमध्ये काही निघालं नाही ती कपाटातच राहते आणि छापून येतात त्या सगळ्या गोड गोड.

औषधवाला_नगर: दादा, पण आयसिस-४ मध्ये मॅग्नेशियम दिलं कधी ते बघा ना. गुठळी विरघळवायचं औषध आधी, ते संपल्यावर हे. घर जळून गेल्यावर बंब. लिमिट-२ मध्ये ते आधी किंवा सोबत होतं, आणि तिथे गुठळीचं औषधसुद्धा जेमतेम एकतृतीयांश लोकांनाच मिळालेलं.

आकडेमोड्या: हाच बचाव येणार हे माहीत होतं 😄 म्हणूनच मॅजिक ट्रायल केली ना. २००२, ६२१३ पेशंट, सगळे जास्त जोखमीचे, सहा तासांच्या आतले, आणि मॅग्नेशियम नळी उघडण्याच्या आधीच. ३० दिवसांत मृत्यू मॅग्नेशियमवाल्यांत १५.३ टक्के, बाकीच्यांत १५.२. आता काय म्हणाल, बंब गल्लीत आधीपासून उभा होता तरी घर जळालंच ना.

ओटी_नंबर_दोन: मी परफ्युजनिस्ट आहे, बायपासला हार्ट लंग मशीन चालवतो, त्यामुळे दोघांना थोडं टोचणारं बोलतो. आमच्याकडे मॅग्नेशियम रोज वापरतात. महाधमनीला क्लॅम्प लावून हृदयाचं रक्त थांबवलं की तिच्या मुळातून थंड कार्डिओप्लेजिया, म्हणजे हृदय थांबवायचं द्रावण, सोडतो, मॉनिटरवरचे ठोके आधी रुंद होतात, मग लांब लांब, मग सरळ रेष, आणि सर्जन बोटाने दाबून बघतात, मऊ पडलंय का. सत्तरच्या दशकात लंडनच्या सेंट थॉमसमध्ये बनलेल्या द्रावणात मॅग्नेशियम लिटरला १६ मिलिमोल, आणि सोबत पोटॅशियमही. थांबवायचं काम मुख्यतः पोटॅशियमचं, पण तिथले संशोधक हर्स यांनी उंदरांच्या हृदयावर तपासलं तेव्हा मॅग्नेशियम घातल्यावर हृदय जास्त चांगलं परत उठत होतं. म्हणजे रक्त तुटायच्या आधी ते पेशीपाशी असलं की चालतं. अटॅकच्या माणसाला रक्त तासाभरापूर्वीच तुटलेलं असतं आणि नळी बंद असताना सलाईन जाणार कुठून तिथपर्यंत?

औषधवाला_नगर: हे मात्र पटलं. पण मग मॅजिकमध्ये नळी उघडताना ते रक्तात होतंच की, तरी फायदा का नाही?

ओटी_नंबर_दोन: रक्तात होतं, पेशीत किती गेलं ते वेगळं. मला वाटतं पेच इथेच आहे, पण हे माझं मत, ट्रायल नाही.

सांगलीकर_ताई: मध्येच विचारते, बाबांना गेल्या वर्षी स्टेंट टाकलाय, त्यांनी हीच गोळी ऑनलाइन मागवलीये. घेऊ दे का?

आकडेमोड्या: ताई, वर चाललंय ते शिरेतून देण्याबद्दल, पोटात घ्यायच्या गोळीबद्दल नाही. किडनी कमजोर असेल तर मॅग्नेशियम साचतं. त्यांच्या डॉक्टरना दाखवल्याशिवाय अजिबात नको, आणि चालू गोळ्या बंद करून तर नकोच नको.

औषधवाला_नगर: हो ताई, यात मी यांच्याच बाजूने. पण दादा, टॉर्साड, म्हणजे ठोक्यांचा तो जीवघेणा बिघाड, झाला की इमर्जन्सीत दोन ग्रॅम मॅग्नेशियमच काढता ना ट्रॉलीतून?

आकडेमोड्या: काढतो की. तो ठोक्याचा बिघाड, स्नायू वाचवणं नव्हे. चाकाला हवा भरली म्हणून इंजिन दुरुस्त होत नाही.

औषधवाला_नगर: बरं. मॅजिकचा मूळ पेपर आज रात्री काढून बसतो. उद्या बोलू, जेवण झाल्यावर.